धुऊन आलेला डबा

आमच्या गावातून कोल्हापूरला जाणारी पहिली एसटी सकाळी सव्वासहाला सुटते. ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यात त्या वेळी सात-आठ डबे आणि तेवढ्याच दुधाच्या किटल्या दाटीवाटीनं ठेवलेल्या असतात. त्यातला एक डबा माझा. त्याला लाल लुगड्याची चिंधी बांधलेली आहे, किटलीलाही तीच. गाडी साडेसातच्या सुमारास रंकाळा स्टँडला लागते. तिथं तालमीतली पोरं सायकली घेऊन उभी असतात, ती आपापली खूण बघून डबे उचलतात. रिकामे डबे दुपारच्या गाडीनं परत येतात. २०१७ च्या जूनपासून हे चाललंय. मध्ये महापूर आला, कोरोना आला, एसटीचा संप झाला, तेवढे दिवस सोडले तर या गाडीचा डबा चुकलेला नाही.

माझा मुलगा पैलवान आहे. मी अंगणवाडी सेविका. मालकांची सव्वा एकर शेती, त्यात ऊस, आणि दारात म्हशी. गेल्या महिन्यात आमच्या वाडीतली एक सून विचारायला आली, पोराला तालमीत घालू का म्हणून. तासभर तिच्याशी बोलत बसले आणि ती गेल्यावर लक्षात आलं की खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहायला घेतलंय.

सुरुवात सासऱ्यांपासून झाली. ते त्यांच्या काळचे पैलवान. नातू चार वर्षांचा झाल्यापासून त्याच्याकडून जोर काढून घ्यायचे. गावच्या यात्रेत नारळावरच्या कुस्त्यांना पोरगं पहिल्यांदा उतरलं तेव्हा दुसरीत होतं. अकरावं लागलं तेव्हा सासऱ्यांनी विषय काढला की याला आता कोल्हापूरला ठेवा, इथं याला जोड नाही. मी नको म्हणत होते. सहावीतलं पोर, अजून रात्री पांघरूण घालावं लागायचं. तेव्हा त्यांनी खाशाबांची गोष्ट काढली. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर सात हजारांना गहाण टाकलं होतं. "परक्याच्या पोरासाठी माणूस घर टाकतो, आणि आमच्याच्यानं एक म्हस बाजूला काढवंना व्हय?" असं म्हणून ते उठून गोठ्यात गेले. पुढं बोलायला काही उरलं नाही.

तालमीत घालायला आम्ही दोघं गेलो होतो. बाईमाणसानं आखाड्यात जायचं नाही ही तिथली रीत. आता आमच्या जिल्ह्यातल्या मुली गादीवर, म्हणजे मॅटवर, कुस्ती खेळतात, पदकं आणतात, पण त्या जुन्या तालमीत आजही बाई आत जात नाही. मालक पोराला घेऊन आत गेले आणि मी बाहेरच्या दगडी कट्ट्यावर बसले. आतून तेल, हळद, ताक घातलेल्या मातीचा आंबूस वास येत होता आणि जोर मारणाऱ्यांचा एका सुरातला श्वास ऐकू येत होता. मी पाहिलं ते एवढंच. वस्तादांच्या अटी मालकांनी बाहेर येऊन सांगितल्या. पहाटे चारला उठायचं, शाळा शहरातली, खुराक घरचा, फोन नाही, घरी यायचं ते दिवाळीला आणि यात्रेला. पोरगं निरोप द्यायला बाहेर आलं नाही. त्याला लगेच मेहनतीला लावलं होतं.

खर्चाचं लोक विचारतात, ते आधी सांगते. आमच्या तेव्हा दोन म्हशी होत्या. दूध डेअरीला जायचं आणि दर दहा दिवसांनी बिल यायचं, त्यावर किराणा, लाईट बिल, आजारपण सगळं चालायचं. पोरगं तालमीत गेल्यावर एका म्हशीचं दूध पूर्ण त्याचं झालं. त्यातलं थोडं किटलीत, बाकीच्याचं विरजण आणि तूप. बिल निम्म्यावर आलं आणि बदाम, खारीक, खसखस, रविवार-बुधवारचं मटण हा खर्च नव्यानं वाढला. पहिल्या वर्षी महिन्याला चार-साडेचार हजार लागत, आता पंधरा हजारांतही भागत नाही. तिसरी म्हैस घ्यायला मी पाटल्या तारण ठेवल्या. त्या एकदा सोडवून आणल्या, पुन्हा ठेवल्या आणि दुसऱ्या वेळी तिथंच राहिल्या. घरात कोरा चहा सुरू झाला तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला. पाहुणा आला की दूध आणायला शेजारी जायचं. तीन म्हशी दारात असताना शेजारी वाटी घेऊन जायला पहिल्यांदा फार लाज वाटली.

मधल्या काळात, ४ डिसेंबर २०२३ ला आम्ही अंगणवाडी सेविका संपावर गेलो. दीड महिन्याहून जास्त चालला तो संप. माझं दहा हजार मानधन थांबलं. तेवढे दिवस थंडाईसाठी बदामाच्या जागी मी भिजवलेले शेंगदाणे पाठवले. पोरानं एका शब्दानं विचारलं नाही. त्याला कळलं असणार.

पण पैशाची ओढाताण सगळ्यांच्याच घरी असते, तिची सवय होते. मला सवय झाली नाही ती वेगळ्याच गोष्टीची. मुलगा कसा आहे हे मला फक्त डब्यावरून कळायचं.

डबा कधी धुऊन यायचा नाही. पोरांना कुठला वेळ, पहाटेची मेहनत, शाळा, परत संध्याकाळची लढत. दुपारी डबा आला की मी परड्यात बसून उघडायची. भाजीला तोंड लावलेलं नसलं तर समजायचं, तिखट झालं किंवा तोंड आलंय. भाकरीचा चतकोर उरला असेल तर बाकीच्यांच्या घरचं काहीतरी चांगलं आलं असणार. वरणाचा हात झाकणाला लागलेला असला की घाईत जेवला, शाळेला उशीर झाला. कधीमधी वहीचा कागद फाडून चिठ्ठी असायची, तेलानं पारदर्शक झालेली. 'लोणचं संपलं.' 'कंगवा पाठव.' एकदा नुसतंच 'जिंकलो' लिहिलं होतं. कुठं, कुणाशी, काही नाही. ती चिठ्ठी माझ्याकडं अजून आहे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आला तेव्हा उटणं लावताना माझा हात त्याच्या उजव्या कानाला लागला. कान कान राहिलाच नव्हता. लढतीत घासून घासून रक्त साकळतं, सुजतं आणि तसंच कडक होऊन बसतं. सासऱ्यांचेही कान तसेच होते, पण म्हाताऱ्या माणसाचा कान आणि बारा वर्षांच्या पोराचा कान यात फरक असतो. दुखत असेल तेव्हा किती दुखलं असेल आणि त्या दिवशी मी डब्यात काय पाठवलं होतं, हेच डोक्यात फिरत राहिलं. तो मात्र खुशीत होता. "आई, आता पैलवान दिसतोय का न्हाई?" सासऱ्यांनी त्या दिवशी त्याला जवळ घेऊन दोघांचे कान आरशात दाखवले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. भोगावतीचं पाणी आमच्या खालच्या आळीत होतं आणि पंचगंगेचं कोल्हापुरात. रस्ते बंद, लाईट नाही, पोराकडं फोन नाही. आठ दिवस काही कळलं नाही. पाणी उतरल्यावर समजलं की तालमीतली मोठी पोरं लोकांना बाहेर काढायला गेली होती आणि आमचा बारक्यांबरोबर एका शाळेत भाकरी वाटायला होता.

कोरोनाचं सांगताना अपराध्यासारखं होतं, कारण लोकांची माणसं गेली आणि माझे मात्र ते सुखाचे महिने होते. मार्च २०२० मध्ये तालमी बंद झाल्या, यात्रा रद्द झाल्या, पोरगं घरी आलं. मालकांनी गोठ्यामागं तांबडी माती टाकून त्याला छोटा हौदा करून दिला. एकटाच जोर-बैठका मारायचा. लढायला कोणी नाही म्हणून चिडायचा, आणि मी समोर ताट वाढून त्याला जेवताना बघत बसायची. तीन वर्षांनी तो रोज माझ्यासमोर बसून जेवत होता.

पुढं २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप लागला, तो एप्रिल २०२२ पर्यंत. डबा जायचा कसा? पहिले दहा दिवस मालक मोटरसायकलवर गेले, जाऊन-येऊन साठ किलोमीटर, तोडीचे दिवस, थंडी. मग आसपासच्या गावांतल्या ज्या पाच घरांची पोरं कोल्हापुरात तालमीत होती त्यांनी पाळी लावली. रोज एकानं पाचही घरचे डबे न्यायचे. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना पोती लावून त्यात डबे. ती पाच घरं अजून एकमेकांच्या लग्नाकार्याला धावतात.

त्याच पाळीच्या काळातली एक गोष्ट आहे. माझी मुलगी भावापेक्षा तीन वर्षांनी लहान. ती शाळेत कबड्डी खेळायची. खेळायची हे मला माहीत होतं, कशी खेळते हे माहीत नव्हतं. त्या हिवाळ्यात तिची बाहेरगावच्या सामन्यांसाठी निवड झाली. पालकाची सही आणि सोबत घरचं एक माणूस लागणार होतं. तिचे वडील डबे घेऊन कोल्हापूरला आणि मी दिवसभर मीटिंगला. तिनं आम्हाला सांगितलंच नाही. मे महिन्यात जुनी दप्तरं आवरताना तो कागद मला सापडला, सहीची जागा कोरी. विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला कुठं जमलं असतं?" आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

२०२४ च्या मे महिन्यात एका दुपारी डबा आला तो जड लागला. उघडला तर भाकरी, भाजी, सगळं जसंच्या तसं, आणि किटलीतलं दूध नासलेलं. मला वाटलं ताप आला असेल. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी आली, 'आठ दिवस पाठवू नको.' चौथ्या दिवशी मी डबा भरला आणि त्याच गाडीत स्वतः बसले. कंडक्टरमामा म्हणाले, "ताई, आज डब्यासंगं तुम्ही?"

स्टँडवर तो नव्हता. त्याच्या जोडीदारानं सांगितलं, रंकाळ्याला पळायला गेलाय. ऊन चढलेलं. तलावाच्या रस्त्यानं समोरून एक जण पळत येताना दिसला, अंगावर दोन स्वेटर, आत प्लास्टिकचा कागद, डोक्याला टोपी, मेच्या उन्हात. ओठ फुटलेले. पळता पळता थुंकत होता, कारण थुंकीचंही वजन असतं. जवळ येईपर्यंत मी त्याला ओळखलं नाही. त्यानं मला ओळखलं आणि थांबला. "तू इथं कशाला आलीस?"

निवड चाचणी आठवड्यावर आली होती. त्याचं वजन सदुसष्टच्या आसपास. पासष्ट किलोत त्याच्याच तालमीतला त्याच्याहून तगडा मुलगा होता, म्हणून याला एकसष्ट किलोत उतरवायचं ठरलं होतं. दहा दिवसांत सहा किलो. पोरं याला 'वजन तोडणं' म्हणतात. पूर्वी वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं, रात्रीतून खाऊन-पिऊन सावरता यायचं. आता सामन्याच्या दिवशी सकाळी वजन आणि लगेच कुस्ती. त्यानं दोन दिवसांत घोटभर पाणी प्यायलेलं होतं. अठरा पूर्ण व्हायला त्याला चार महिने होते.

मी दर महिन्याला पोरांची वजनं घेते. काट्याला झोळी लावायची, पोराला त्यात बसवायचं, आकडा बघायचा, तक्त्यावर टिंब द्यायचं. हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घसरलं की त्याच्या घरी जायचं. आईला विचारायचं की पोर जेवतंय का, हगवण लागली का, घरात काही आहे का. वीस वर्षं मी हे करतेय. आणि माझ्या डब्यातलं दूध नासून परत येत होतं.

मी तालमीच्या त्याच कट्ट्यावर जाऊन बसले आणि वस्तादांना बाहेर बोलवा म्हणाले. साठी ओलांडलेले वस्ताद, खांद्यावर टॉवेल टाकून आले. माणूस वाईट नाही. माझ्या पोराला तापात त्यांनी रात्रभर मांडीवर घेऊन काढलेलं मला माहीत होतं. म्हणाले, "ताई, तुम्ही दूध पाठवा, पोरगं आमच्यावर सोडा."

"सात वर्षं सोडलंय की," मी म्हणाले. "कान मोडला, इचारलं न्हाई. पुरात कुठं हुता, इचारलं न्हाई. पण माझ्या अंगणवाडीतलं पोर एक किलोनं उतरलं तर मी त्याच्या आईला जाब इचारते, वस्ताद. हितं सहा किलो उतरवायलाय. मला कुणी जाब इचारायचा?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग कट्ट्यावर थोडं अंतर ठेवून बसले. "आमच्या टायमाला वजनं नव्हती, ताई. जोड बघून कुस्ती लावायची. गादी आली तशी वजनं आली. मलाबी हे पटत न्हाई, पण न करून पोरगं मागं पडलं तर तुम्हीच म्हणशीला, वस्तादानं घात केला." मी म्हणाले, नाही म्हणणार. "मग उतरू दे पासष्टला," ते म्हणाले.

पोरगं दारात उभं राहून ऐकत होतं. मी डबा त्याच्या हातात दिला. तो घेतला, आत गेला.

पासष्टला तो उतरला आणि त्या तगड्या मुलासमोरच हरला, दहा-शून्य. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच थांबवतात. दीड मिनिटात संपली म्हणे. एकसष्टमधून जो मुलगा निवडला गेला त्याला आमच्या पोरानं आधी दोनदा चितपट केलेलं होतं. हे मला मालकांनी सांगितलं. त्यानं काहीच सांगितलं नाही.

त्यानंतर डबा धुऊन यायला लागला. घासून, पुसून, लख्ख. कडेला कण नाही, झाकणाला डाग नाही, चिठ्ठी नाही. जेवला का टाकलं, आवडलं का नाही, कशाचा माग लागू नये अशी काळजी घेऊन धुतलेला. मालक म्हणाले, पोरगं शहाणं झालं. मी परड्यात बसून रोज तो रिकामा डबा उघडायची आणि बंद करायची. मी चूक केली असंही मला त्या दिवसांत पुष्कळदा वाटलं. एका वर्षाची निवड म्हणजे पैलवानाच्या आयुष्यात थोडी नाही. शरीर त्याचं, मेहनत त्याची, मी फक्त दूध पाठवणारी. मी मध्ये पडायचा हक्क कुठून आणला? याचं सगळं उत्तर माझ्यापाशी आजही नाही. तरी पुन्हा तसं दूध नासून आलं तर मी पुन्हा त्या गाडीत बसेन, एवढं पक्कं आहे.

७ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगटची पन्नास किलोची अंतिम कुस्ती होती. आदल्या दिवशी तिनं तीन कुस्त्या जिंकलेल्या. सकाळच्या वजनाला शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि तिला बाद केलं. रात्रभर ती पळत होती, केस कापले होते. आमच्या गावात बायकासुद्धा चावडीसमोरच्या टीव्हीपुढं उभ्या होत्या. संध्याकाळी माझा फोन वाजला. आता मोठ्या पोरांना फोनची परवानगी आहे. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाला, "आई, शंभर ग्रॅम." मी काही बोलले नाही. तो म्हणाला, "दवाखान्यात हाय म्हणं ती. अंगातलं पाणी गेलंय." मग आणखी थोडं थांबून, "त्या दिवशी रंकाळ्यावर मला तू दोन दिसत होतीस. तुला सांगितलं न्हवतं."

दुसऱ्या दिवशीच्या डब्यात भात वाळून तळाला चिकटलेला होता. आमसुलाच्या कढीचा डाग आणि अर्धी भाकरी. तो डबा घासायला मला अर्धा तास लागला.

या वर्षी एप्रिलमध्ये गावच्या यात्रेला मी त्याची कुस्ती पहिल्यांदा पाहिली. आठ वर्षांत पहिल्यांदा. मैदानाला लागून एक दुमजली घर आहे, त्याच्या गच्चीवर बायका बसतात. हलगी वाजत होती. दोघं मातीनं माखलेले, वरून कोण कुठला कळेना. शेजारची म्हणाली, तुझा तो डावीकडचा. मी म्हणाले नाही, तो उजवीकडचा. लहानपणी मार बसायच्या आधी तो जसा एक खांदा पाडून उभा राहायचा, तसाच उभा होता. वीस मिनिटं चालली, बरोबरीत सोडवली. समोरचा पुण्याचा, वजनानं भारी. यात्रेच्या कुस्तीला काटा नसतो. रात्री केसांत माती तशीच ठेवून चार भाकरी जेवला.

पोलीस भरतीचा फॉर्म त्यानं भरलाय. तालीमही सोडलेली नाही. पुढं काय होईल, सांगता येत नाही. घरी विचारायला आलेल्या त्या सुनेला मी म्हशीचा हिशोब सांगितला, पाटल्यांचं सांगितलं. डब्याचं सांगायला पाहिजे होतं.

मुलगी आता अकरावीला तालुक्याच्या गावी जाते. तिथं कबड्डीचा सराव चांगला होतो, संध्याकाळी सातला घरी येते. मागच्या दोन्ही सामन्यांना मी रजा टाकून सोबत गेले. सकाळी आता मी दोन डबे भरते, तिच्या डब्यालाही तेवढंच तूप. ती डबा रोज धुऊन आणते, पहिल्या दिवसापासून, लख्ख. मी अजून तिला काही विचारलेलं नाही.